आधी कारण, मग डिकी

भांडुपहून शहराकडे किंवा ठाण्याकडे जायचं तर बहुतेकांच्या गाड्या दोनच रस्त्यांना लागतात: पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि पूर्वेला द्रुतगती महामार्ग. त्यामुळे ३१ डिसेंबर असो, गणपतीचे दिवस असोत, निवडणूक असो की मुंबई पोलिसांचं ‘ऑपरेशन ऑल आउट’, चेकनाक्यापासून विक्रोळीपर्यंतच्या पट्ट्यात रात्री कुठे ना कुठे बॅरिकेड लागतातच. तिथे स्कूटरवरच्या तरुणाला एका दमात तीन गोष्टी सांगितल्या जातात: गाडी बाजूला घे, लायसन्स दाखव, डिकी उघड. ऐकणाऱ्याला तो एकच हुकूम वाटतो. कायद्यानं मात्र या तीन वेगळ्या मागण्या आहेत आणि तिन्हींचा आधार वेगळा आहे. पहिल्या दोन मान्य करायलाच हव्यात. तिसरीला कारण लागतं, आणि ते पोलिसांकडे आधीपासून असावं लागतं. तुम्ही घाबरून ‘बघा साहेब’ म्हणालात म्हणून ते तयार होत नाही. मला एवढंच पटवून द्यायचं आहे, आणि त्यावरून नाक्यावर काय बोलावं, काय करावं, हे सांगायचं आहे.

आधी थांबण्याबद्दल, कारण इथे अनेकांचा गैरसमज उलट्या बाजूनं असतो. नाकाबंदीच बेकायदा आहे, असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. त्यावर विश्वास ठेवून कुणी बॅरिकेड चुकवून पळू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११९ प्रमाणे वाहतूक नियमनाच्या कामावर असलेल्या पोलिसाची सूचना पाळावी लागते. कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसानं मागितल्यावर चालकाला लायसन्स दाखवावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ आरसी, विमा, पीयूसी आणि परमिट यांनाही तेच लागू करतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे पोलिसांच्या वाजवी सूचना पाळणं नागरिकावर बंधनकारक आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ नं त्याला आणखी बळ दिलं आहे. इतकं सगळं असताना थांबण्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. कलम १३० मध्ये अट आहे ती गणवेशाची, हुद्द्याची नाही. त्यामुळे ‘तुम्ही हवालदार आहात, तुम्हाला अधिकारच नाही’ हे लायसन्सच्या बाबतीत चालत नाही. पण साध्या कपड्यातला माणूस गाडी अडवून कागद मागू लागला तर ओळखपत्र बघायलाच हवं, आणि कुठल्याही संघटनेच्या कार्यकर्त्यांना रस्त्यावर गाडी अडवून तपासण्याचा अधिकार कोणत्याही कायद्यानं दिलेला नाही. गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार देणारं कलमही मोटार वाहन कायद्यात नाही. कागदपत्रांशिवाय किंवा परमिटशिवाय चालणारी गाडी ताब्यात घेण्याची तरतूद आहे, पण तिची स्वतंत्र रीत आहे. चालत्या स्कूटरच्या चावीवर हात टाकणं त्या रीतीत बसत नाही.

तोंडानं फुंकायच्या यंत्राचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे माझा सल्ला सरळ आहे: फुंका. कलम २०३ प्रमाणे पोलिसाला वाजवी संशय आला तरच श्वासचाचणी मागता येते, आणि ओळीनं प्रत्येकाला फुंकायला लावताना हा संशय कुठून येतो, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकाला पडू शकतो. पण तो प्रश्न रस्त्यावर सोडवायला जाऊ नये. नकार दिला आणि पोलिसाला तुम्ही प्यायल्याचा वाजवी संशय असला, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. पुढे कलम २०५ प्रमाणे न्यायालय तुमचा नकार सरकारी बाजूला पूरक धरू शकतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर एका भरधाव गाडीखाली मेले. त्यानंतरच्या वर्षी मुंबईत मद्यपी चालकांविरुद्धची मोठी मोहीम सुरू झाली. ही तपासणी दोन मिनिटांची असते, शरीराची किंवा सामानाची झडती नसते, आणि जीव वाचवते. इथे हक्काची भाषा मला पटत नाही.

आता डिकी. लायसन्स मागण्याचा अधिकार म्हणजे डिकी उघडायला लावण्याचा अधिकार नव्हे. कलम १३० कागदांपुरतं आहे, त्यात ‘झडती’ कुठेही नाही. झडतीचा अधिकार दुसरीकडे शोधावा लागतो, आणि जिथे जिथे तो सापडतो तिथे त्याला संशयाची किंवा कारणाची अट जोडलेली दिसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६५ प्रमाणे रस्त्यात एखाद्याजवळची वस्तू चोरीची असल्याचा प्रामाणिक संशय पोलिसाला आला, तर तो ती तपासू शकतो आणि ती कुठून आली ते विचारू शकतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५ तपास अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेऊ देतं, पण गुन्ह्याचा तपास चालू असला पाहिजे आणि झडतीची कारणं लेखी नोंदलेली असली पाहिजेत. अंमली पदार्थांचा कायदा, म्हणजे १९८५ चा एनडीपीएस, सर्वांत कडक. त्याचं कलम ४९ वाहन थांबवून उलटंपालटं करण्याचा अधिकार देतं, तोही ‘संशयाला कारण असेल तर’ याच अटीवर आणि अधिकृत अधिकाऱ्यालाच. गोवंशाच्या वाहतुकीबाबत महाराष्ट्राच्या प्राणी रक्षण कायद्यानं वाहन तपासण्याचा अधिकार दिला, तोही उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलिसाला. इतके वेगवेगळे कायदे, वेगवेगळ्या काळातले, पण रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाचीही डिकी कारणाशिवाय उघडा, असं त्यांतला एकही म्हणत नाही.

मग रोज रात्री इतक्या डिक्या उघडल्या जातात त्या कशाच्या जोरावर? बऱ्याचदा संमतीच्या. चालक स्वतःच उघडतो, म्हणून झडतीचा प्रश्न उरत नाही, असं मानलं जातं. अमेरिकेत हा विचार अधिकृत आहे. श्नेकलॉथ खटल्यात १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की माणसानं स्वेच्छेनं होकार दिला तर झडतीला दुसरं कारण लागत नाही, आणि नाही म्हणायचा हक्क आहे हे पोलिसांनी आधी सांगण्याचीही गरज नाही. आपल्याकडच्या तरुणांनी मालिकांतून आणि रील्समधून ‘मी झडतीला संमती देत नाही’ हे वाक्य उचललं आहे ते तिथलं. इंग्लंडनं नेमकी उलटी वाट धरली. तिथेही पोलीस कुठलीही गाडी थांबवू शकतात, पण २००३ पासूनच्या पोलिसांच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलं आहे की कायदेशीर अधिकार नसेल तर माणूस तयार असला तरी त्याची झडती घेऊ नये. मला ही भूमिका अधिक प्रामाणिक वाटते. रात्री साडेबाराला, दोन पिवळ्या बॅरिकेडच्या मधे, गणवेशातल्या चार माणसांसमोर, मागे हॉर्न वाजत असताना दिलेला होकार हा किती मोकळ्या मनाचा असतो? ज्याला नाही म्हणता येतं हे ठाऊकच नाही, त्याच्या हो म्हणण्याला स्वेच्छा म्हणता येत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं अंगझडतीच्या संदर्भात असंच काहीसं ओळखलं आहे. एनडीपीएसच्या कलम ५० प्रमाणे झडतीआधी माणसाला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुझा हक्क आहे. राजस्थान विरुद्ध परमानंद या २०१४ च्या निकालात दोन आरोपींना हे एकत्रच सांगितलं गेलं होतं आणि दोघांच्या वतीनं एकानंच सही केली होती. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. हक्क प्रत्येकाला वेगळा सांगायला हवा होता. बूटा सिंग विरुद्ध हरियाणा या २०२१ च्या निकालात खासगी जीपमध्ये माल सापडला होता. खासगी वाहन म्हणजे ‘सार्वजनिक जागा’ नव्हे, म्हणून माहिती लेखी नोंदवण्याचा कलम ४२ चा नियम पाळायलाच हवा होता, असं न्यायालयानं म्हटलं आणि आरोपी सुटले. मात्र अंगझडतीचा हा हक्क बॅगेला किंवा डिकीला लागू होत नाही, हे २००५ च्या पवनकुमार निकालापासून ठरलेलं आहे. म्हणून डिकीसमोर उभं राहून कलम ५० चा धोशा लावू नये.

इथे जाणकार वाचक एक भक्कम आक्षेप घेईल. भारतात बेकायदा झडतीत सापडलेला पुरावाही न्यायालय सहसा फेकून देत नाही. १९७३ च्या पूरणमल निकालानं हे स्पष्ट केलं. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्याच एका कॉरोनरच्या लाचेच्या खटल्यात, मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र, चोरून ध्वनिमुद्रित केलेलं संभाषणही ग्राह्य धरलं गेलं. मग झडती कायदेशीर होती की नाही यावर डोकं कशाला शिणवायचं? आक्षेप खरा आहे, पण निष्कर्ष उलटा निघतो. अमेरिकेत रस्त्यावर गप्प बसलात तरी पुढे वकील पुरावा बाद करून घेऊ शकतो. इथे ती वाट अरुंद आहे, म्हणून जे व्हायचं ते रस्त्यावरच नीट व्हायला हवं. साठच्या दशकातल्या राधाकिशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की झडती बेकायदा असली तरी जप्ती आपोआप रद्द होत नाही, मात्र अशा वेळी न्यायालय जप्तीचा पुरावा अधिक बारकाईनं तपासू शकतं. बारकाईनं तपासायला काहीतरी नोंद हवी. आपल्याकडे नागरिकाचं खरं संरक्षण पंचनामा आणि चित्रीकरण या दोन गोष्टींत आहे.

आणि ते संरक्षण आता कायद्यात लिहिलेलं आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ सांगतं की झडती आणि जप्तीची सगळी कारवाई, यादी करण्यापासून साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत, दृक्‌श्राव्य माध्यमातून नोंदवावी, शक्यतो मोबाईलवर, आणि ते मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावं. कलम १०३ परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच मागतं आणि बाईची झडती बाईनंच, मर्यादा राखून घ्यावी असं सांगतं. याचं मोल काय, ते ऑगस्ट २०२४ मध्ये कलिन्यात दिसलं. खार पोलीस ठाण्याच्या पोलिसांनी एका तरुणाला अंमली पदार्थाच्या संशयावरून पकडलं, आणि नंतर बाहेर आलेल्या सीसीटीव्हीत त्याच्या खिशात काहीतरी सरकवलं जात असल्याचं दिसलं. चार पोलीस निलंबित झाले. तो कॅमेरा तिथे नसता तर त्या तरुणाच्या शब्दाला किती किंमत मिळाली असती, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

‘ज्याच्याकडे लपवायला काही नाही, त्यानं दाखवायला काय हरकत आहे?’ हा आक्षेप घराघरांत ऐकू येतो, विशेषतः वडीलधाऱ्यांकडून. त्यामागची काळजी मी समजू शकतो. मुलानं रात्री पोलिसांशी हुज्जत घालू नये, एवढंच त्यांना हवं असतं. पण डिकीत गुन्ह्याचं काही नसलं तरी खासगी बरंच काही असतं: आईचे वैद्यकीय रिपोर्ट, बाळंतपणासाठी घेतलेली रोकड, दुकानाचा गल्ला, ज्याचं बिल घरी राहिलं आहे असा नवा फोन. यांतलं काहीही संशयास्पद ठरवता येतं आणि मग खुलासे देत बसावं लागतं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावर मर्यादा घालायची तर कायद्याचा आधार आणि प्रमाणबद्धता हवी असं सांगितलं. लपवण्यासारखं काही नसणाऱ्यालाही तो हक्क आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि मुंबईकराला तो टाळता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर बॅरिकेड नसती तर? तिथे डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल धरून ठेवली आणि प्राण दिले. त्या नाकाबंदीचं ऋण या शहरावर आहे. पण ती कशी लागली हेही पाहावं. दोन अतिरेकी पळवलेल्या स्कोडा गाडीतून निघाल्याची माहिती पोलिसांना मिळाली होती. कारण होतं, ठोस होतं, आणि त्या क्षणी गाडी अडवणं, झडती घेणं, बळ वापरणं हे सगळं कायद्यात बसत होतं. कारणाची अट अशा पोलिसाचे हात बांधत नाही. ती फक्त त्याला अडवते, ज्याच्याकडे कारण नाही. रोज रात्री शेकडो डिक्या उघडत बसलेल्या तुकडीपेक्षा ज्या तुकडीला कुठली गाडी शोधायची हे ठाऊक आहे, ती शहराला जास्त सुरक्षित ठेवते, असं माझं मत आहे.

तर नाक्यावर प्रत्यक्ष काय करायचं? गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा, आतला दिवा लावा. कागद मागितले की द्या. ते डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर असतील तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर ते चालतात, पण फोन हातात देऊ नका. स्क्रीन तुमच्या हातात धरून दाखवा. फोन हा लायसन्ससारखा दाखवायचा कागद नाही, आणि ‘लॉक काढ, चॅट दाखव’ ही मागणी वाहतूक तपासणीच्या कुठल्याही कलमात बसत नाही. डिकी उघडायला सांगितलं तर आवाज न चढवता विचारा: ‘साहेब, काही संशय आहे का? कशासाठी बघायचंय?’ बऱ्याचदा इथेच ‘जा’ म्हटलं जातं. कारण सांगितलं गेलं, उदाहरणार्थ याच रंगाची स्कूटर साखळी चोरून गेली आहे, तर वाद न घालता उघडा. ते कारण योग्य आहे. कारण न सांगताच जोर केला गेला, तर अडवू नका. ‘माझी हरकत आहे, पण मी अडवत नाही, चित्रीकरण करा आणि काही घेतलं तर पंचनामा द्या’ एवढं एकदा स्पष्ट बोला. डिकी स्वतः उघडा, मग हात मागे ठेवा, आणि पोलिसांचा हात आत जातो तिथे नजर ठेवा. पोलिसाला हात लावणं, बॅरिकेड ढकलणं, शिवी देणं यातलं काहीही झालं की विषय डिकीचा राहत नाही. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल होतो, आणि तिथे तुमची बाजू पडते. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या पंचनाम्यावर सही करू नका. वाचून, हवं तर ‘हरकतीसह’ असं लिहून सही करा.

स्वतः चित्रीकरण करावं का? सार्वजनिक रस्त्यावर काम करणाऱ्या पोलिसाचं चित्रीकरण सरसकट गुन्हा ठरवणारा कायदा नाही. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते अधिनियमाखालचं ‘निषिद्ध स्थान’ नाही, म्हणून तिथे व्हिडिओ काढला एवढ्यावरून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये म्हटलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये वणीला निवडणूक पथकानं उद्धव ठाकरे यांची बॅग तपासली तेव्हा त्यांनी स्वतःच व्हिडिओ काढला, कर्मचाऱ्यांची नावं विचारली आणि तो प्रसिद्धही केला. तपासणी झाली आणि नोंदही झाली. जे माजी मुख्यमंत्र्यांना चालतं ते भांडुपच्या क्वारी रोडवरच्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलालाही चालायला हवं. फोन छातीशी धरा, कुणाच्या तोंडासमोर नाचवू नका.

निवडणुकीच्या काळात नियम बदलतात, त्याची नोंद घ्यायला हवी. २०२४ मध्ये भांडुपमध्ये एका व्हॅनमधून कोट्यवधींची रोकड आणि शेजारच्या विक्रोळीत सुमारे साडेसहा टन चांदी अशा तपासणीतच अडली. नाक्यावरच्या स्थिर निगराणी पथकाची तपासणी कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या उपस्थितीत आणि चित्रीकरणासह व्हावी, अशी निवडणूक आयोगाची कार्यपद्धती आहे. ५० हजारांची जी मर्यादा सगळीकडे सांगितली जाते ती मुळात उमेदवार, त्याचे प्रतिनिधी आणि पक्षकार्यकर्ते यांच्या गाडीसाठी आहे. तरीही त्या दिवसांत मोठी रोकड नेणाऱ्या व्यापाऱ्यानं बँकेची पावती किंवा बिलबुक सोबत ठेवलेलं बरं. पैसे अडकले तर ते सोडवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधिकाऱ्यांची तक्रार समिती असते. जप्तीच्या पावतीबरोबर तिची माहिती मागून घ्या.

राहिला तो आक्षेप जो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो: हे सगळं इंग्रजी बोलणाऱ्या मोटारवाल्याला जमेल, खिंडीपाड्याच्या रिक्षावाल्यानं ‘कारण काय’ विचारलं तर त्याचा तासभर धंदा बुडेल. हे खरं आहे, आणि त्यात भर म्हणजे रिक्षा-टॅक्सी सार्वजनिक वाहन असल्यानं खासगी जीपला बूटा सिंग निकालात जे कवच मिळालं ते त्यांना तसंच मिळेल याची खात्री नाही. एकट्या माणसाच्या धैर्यावर हे सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून रिक्षा युनियन, सोसायट्या आणि गणेश मंडळं यांनी पोलीस ठाण्याच्या नागरिकांबरोबरच्या बैठकीत चार प्रश्न ठेवावेत: नाक्यावर जबाबदार अधिकारी कोण असतो, महिला पोलीस असते का, झडतीचं चित्रीकरण होतं का, आणि नावाच्या पट्ट्या दिसतील अशा लावलेल्या असतात का. शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. अटक आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू निकालात १९९६ मध्येच सांगितलं आहे.

काही चुकीचं घडलं असेल तर घरी पोहोचताच तारीख, वेळ, जागा, नावाच्या पट्टीवरचं नाव, पोलीस गाडीचा क्रमांक आणि काय बोलणं झालं ते लिहून काढा, सोबतच्याकडूनही लिहून घ्या. जवळचं दुकान, पेट्रोल पंप किंवा सोसायटीचा कॅमेरा नाक्याकडे तोंड करून असेल तर दुसऱ्याच दिवशी जाऊन चित्रीकरण जपून ठेवायची विनंती करा, कारण खासगी कॅमेऱ्यांतलं जुनं मुद्रण लवकर पुसलं जातं. ठाण्यात नेलं असेल तर तिथल्या सीसीटीव्हीचा उल्लेख अर्जात वेळेसह करा; पोलीस ठाण्यांतले कॅमेरे आणि त्यांचं मुद्रण जपणं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी निकालात बंधनकारक केलं आहे. तक्रार आधी वरिष्ठ पोलीस निरीक्षकाकडे, मग परिमंडळ सातच्या उपायुक्तांकडे करा, आणि प्रकरण गंभीर असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.